धुराचा जमाखर्च

माझा पुतण्या हॅम्बर्गला असतो. पवनचक्क्यांशी संबंधित एका कंपनीत नोकरी करतो, सायकलने कामावर जातो आणि दोन-तीन वर्षांतून एकदा आमच्याकडे अल्फारेटाला आला की पहिल्याच दिवशी गराजमध्ये डोकावून म्हणतो, "काका, दोन माणसांना दोन गाड्या?" त्याचे म्हणणे खरे असते, त्यामुळे मी विषय बदलतो. त्याची काकू मात्र बदलत नाही. ती म्हणते, "अरे, इथे कोथिंबीर आणायला सहा मैल जावं लागतं. तुझ्या सायकलवर जाऊ का?"

गेल्या खेपेला त्याला ओकेफेनोकीची दलदल पाहायची होती. अटलांटा ओलांडून आम्ही आय-७५ ने दक्षिणेला निघालो, टिफ्टनला वळलो आणि हायवे ८२ ने वेक्रॉसकडे जाऊ लागलो. हा रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल, की दोन्ही बाजूंना मैलोगणती पाइनची झाडे आहेत, आणि ती जंगलासारखी नाहीत. ऊस लावावा तशी सरळ ओळीत लावलेली आहेत. समोरून ओंडक्यांनी भरलेले ट्रक येत होते. पुतण्याने थोडा वेळ ते मोजले आणि विचारले, "एवढं लाकूड जातं कुठे?"

मी म्हणालो, "थोडं कागदाला, थोडं घरबांधणीला. आणि थोडं तुमच्याकडे, जाळायला."

त्याला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. त्यावरून आमची जी जुंपली ती दलदलीतल्या मगरी पाहूनही थांबली नाही, परतीच्या वाटेवरही थांबली नाही, आणि तो हॅम्बर्गला गेल्यावर फोनवरही चालू राहिली. प्रस्तुत लेख हा त्या वादाचा माझ्या बाजूचा वृत्तांत आहे. मात्र लिहिता लिहिता माझी बाजू मला वाटत होती तेवढी भक्कम राहिली नाही, हेही आधीच कबूल करतो.

मी हवामानशास्त्राचा तज्ज्ञ नाही. मी विजेचा इंजिनियर. अमेरिकेत येण्यापूर्वी तीन वर्षे महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळात होतो आणि कोराडीच्या केंद्रात कोळशाची राख अंगावर घेतली आहे. चिमणीतून धूर निघतो तेव्हा तो कुणाच्या तरी छातीत जातो, एवढे तिथे शिकलो. त्या जोरावर युरोपच्या ऊर्जाधोरणावर टीका करायला निघालो आहे.

आधी कौतुक

टीका करणाऱ्याने आधी देणे मान्य करावे. युरोपने या बाबतीत जे केले ते जगात दुसऱ्या कुणी तेवढ्या चिकाटीने केले नाही. जर्मनीत १९९० साली एक छोटासा कायदा झाला. वारा, पाणी, सूर्य यांपासून कुणी वीज केली तर ती वीज कंपनीने ठरलेल्या भावाने विकत घेतलीच पाहिजे, असा त्याचा आशय. सन २००० मध्ये त्याचा विस्तार झाला आणि छपरावर सौर तावदाने बसवणाऱ्या साध्या माणसाला वीस वर्षांच्या भावाची हमी मिळाली. बँकवाल्याला हमी दिसली की तो कर्ज देतो, हे आपल्याकडच्या साखर कारखान्याच्या सभासदालाही कळते. जर्मन ग्राहकांनी बिलात जादा पैसे भरले, मागणी वाढली, कारखाने निघाले, पुढे चीनने ते प्रचंड प्रमाणावर काढले आणि सौर तावदानांची किंमत कोसळली. आज धुळे-साक्रीच्या माळावर सूर्यापासून स्वस्तात वीज होते, त्यामागे जर्मन घरमालकांनी भरलेली ती महाग बिले आहेत. हे ऋण आपण विसरता कामा नये.

२००५ मध्ये युरोपीय संघाने उत्सर्जन-परवान्यांचा बाजार सुरू केला. वीज केंद्राने किंवा पोलाद कारखान्याने हवेत एक टन कर्बवायू सोडला तर त्यासाठी एक परवाना खर्ची घालायचा, आणि परवान्यांची एकूण संख्या दर वर्षी घटत जाणार. २०१९ च्या डिसेंबरात 'ग्रीन डील' जाहीर झाले. २०२१ मध्ये कायदाच झाला की १९९० च्या तुलनेत उत्सर्जन २०३० पर्यंत किमान ५५ टक्क्यांनी कमी करायचे आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्यावर आणायचे. २०२३ सालापर्यंत ही घट सुमारे ३७ टक्के झाली होती. २०२४ मध्ये संघातली जवळजवळ निम्मी वीज नवीकरणीय साधनांपासून झाली. हे आकडे कुणाच्या भाषणातले नाहीत; मोजून घेतलेले आहेत.

या धोरणाचे एक अपत्य आमच्या जॉर्जियात नांदते आहे. क्यू-सेल्स ही कंपनी १९९९ मध्ये पूर्व जर्मनीत निघाली. त्या हमीभावाच्या काळात ती जगातल्या मोठ्या सौर कंपन्यांत गणली गेली, २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि कोरियाच्या हान्वा समूहाने ती विकत घेतली. त्याच क्यूसेल्सचा कारखाना २०१९ मध्ये डाल्टनला उघडला. गालिच्यांचे गाव म्हणून ओळखले जाणारे डाल्टन आमच्या घरापासून दीड तासावर आहे. २०२४ मध्ये कार्टर्सव्हिललाही त्यांचे उत्पादन सुरू झाले. म्हणजे जर्मनीत पेरले, कोरियाने वाढवले आणि उत्तर जॉर्जियाच्या तरुणांना रोजगार मिळाला. असे अपत्य कुणालाही आवडेल.

दुसरे अपत्य दक्षिण जॉर्जियात आहे. पुतण्याशी भांडण झाले ते त्याच्यावरून.

वेक्रॉसच्या गोळ्या

२००९ मध्ये युरोपीय संघाने निर्देश काढला, की २०२० पर्यंत संघाच्या एकूण ऊर्जावापरातला २० टक्के वाटा नवीकरणीय साधनांचा असला पाहिजे. लाकूडही नवीकरणीय मानले गेले. झाड तोडले तरी पुन्हा उगवते, असा साधा विचार. शिवाय परवान्यांच्या बाजारात लाकडाच्या धुराला शून्य आकार लावला गेला. कोळसा जाळला तर टनाटनाचा हिशेब द्या, लाकूड जाळले तर काहीच नाही. मग वीज कंपन्यांनी काय केले असेल? जुनी कोळशाची केंद्रे पाडण्याऐवजी त्यांच्या भट्ट्यांत लाकूड घालायला सुरुवात केली. वर त्यासाठी सरकारी अनुदानही मिळू लागले.

आता युरोपात एवढे लाकूड स्वस्तात मिळेना. ते अमेरिकेच्या दक्षिणेत होते. आरडब्ल्यूई या जर्मन वीज कंपनीने २०११ मध्ये आमच्या वेक्रॉसला लाकडाच्या गोळ्यांचा, म्हणजे पेलेट्सचा, कारखाना काढला. वर्षाला साडेसात लाख टन गोळ्या करण्याची त्याची क्षमता होती आणि त्या वेळी तो जगातला सर्वांत मोठा म्हणून मिरवला गेला. ओल्या पाइनमध्ये जवळजवळ अर्धे वजन पाण्याचे असते. म्हणून एक टन गोळ्यांना साधारण दोन टन लाकूड लागते. ते सोलायचे, कुटायचे, वाळवायचे, दाबून बोटाएवढ्या गोळ्या करायच्या, रेल्वेने सवाना बंदरात न्यायच्या आणि जहाजात भरून अटलांटिकपार पाठवायच्या. २०२० मध्ये हा कारखाना एन्विवा या अमेरिकन कंपनीने घेतला. ती कंपनी मार्च २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बाहेर आली.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगणे भाग आहे. तेवढीच वीज करायची तर लाकूड कोळशापेक्षा कमी धूर सोडत नाही. चिमणीच्या तोंडाशी मोजले तर थोडा जास्तच कर्बवायू सोडते. लाकडाचा फायदा एवढाच की झाड पुन्हा वाढताना तो वायू परत शोषून घेते. पण केव्हा? पाइनचे रोप तोडणीला यायला पंचवीस-तीस वर्षे लागतात. आज भट्टीत गेलेल्या ओंडक्याचे कर्ज त्याच्या जागी लावलेले रोप २०५० च्या सुमारास फेडणार. आणि २०५० पर्यंत तर आपल्याला शून्यावर यायचे आहे! सावकाराला आपण म्हणावे की पैसे आज घेतो, नातू मिळवता झाला की परत करतो, तोवर वहीत 'बाकी शून्य' लिहा. असे लिहून देणारा सावकार मी अजून पाहिलेला नाही.

हे कुणाच्या लक्षात आले नव्हते असेही नाही. २००९ सालीच 'सायन्स' या नियतकालिकात काही शास्त्रज्ञांनी हिशेबातली ही चूक दाखवून दिली होती. जानेवारी २०१८ मध्ये सुमारे आठशे शास्त्रज्ञांनी युरोपीय संसदेला पत्र लिहिले. २०२१ मध्ये पाचशेहून जास्त शास्त्रज्ञांनी युरोप-अमेरिकेच्या नेत्यांना पुन्हा लिहिले. एवढे सगळे झाल्यावर २०२३ च्या सुधारित निर्देशात काही अटी आल्या. चांगले सरळ ओंडके, बुंधे आणि मुळे जाळण्याला थेट अनुदान नाही, केवळ वीज करणाऱ्या जंगल-लाकडाच्या केंद्रांना नवे साहाय्य नाही, असे ठरले. त्यालाही अपवाद ठेवले गेले. मात्र परवान्यांच्या वहीतले ते शून्य, टिकाऊपणाच्या अटी पाळल्या तर, तसेच राहिले. त्याच निर्देशाने २०३० चे उद्दिष्ट ४२.५ टक्क्यांवर नेले आहे. युरोपच्या नवीकरणीय ऊर्जेत निम्म्याहून जास्त वाटा आजही जैविक इंधनांचा आहे आणि त्यात मोठा भाग लाकडाचा. ४२.५ मधले शून्य धुराचे म्हणून मोजलेले टक्के खरोखर किती, हा प्रश्न मग उरतोच.

शून्य आले कुठून

हे शून्य लबाडीने आलेले नाही, हे समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. आंतरराष्ट्रीय हिशेबाचा नियम असा आहे की झाड जिथे तोडले त्या देशाने जमिनीच्या खात्यात त्याची वजावट लिहावी. मग जाळणाऱ्या देशाने ऊर्जेच्या खात्यात तेच पुन्हा लिहिले तर एकच खर्च दोनदा पडेल. म्हणून जाळणाऱ्याने तिथे शून्य लिहायचे. कल्पना रास्त आहे. मात्र ती तेव्हाच चालते, जेव्हा तोडणाऱ्याच्या वहीतल्या आकड्याची कुणीतरी किंमत मोजतो.

एक घरगुती उदाहरण देतो. मुलगा मुंबईला शिकायला राहतो आणि खानावळीचा खर्च गावी वडिलांच्या खात्यावर टाकतो. मुलाच्या वहीत जेवणापुढे शून्य. हरकत नाही, वडील खानावळवाल्याला पैसे पाठवत असतील तर. पण वडिलांनी आकडा नुसता टिपून ठेवला आणि पैसे कुणालाच दिले नाहीत, तर? मुलाची वही स्वच्छ, वडिलांची वही भरलेली आणि खानावळवाला उपाशी.

अमेरिकेची गत या वडिलांसारखी आहे. क्योटो करारावर सही केली, पण तो कधी मंजूर केला नाही आणि २००१ मध्ये त्यातून अंग काढून घेतले. पॅरिस करारातून एकदा बाहेर, २०२१ मध्ये पुन्हा आत, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश. जॉर्जियातल्या तोडलेल्या झाडाची नोंद कागदावर झाली तरी त्याचे बिल कुणालाही गेले नाही. युरोपला हे माहीत होते. माहीत असूनही त्याने शून्यच लिहिले, कारण ते सोयीचे होते. माझा आक्षेप इथे आहे.

वेक्रॉसला आम्ही ज्या ठिकाणी जेवायला थांबलो तिथे शेजारच्या टेबलावर एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांची स्वतःची पाइनची जमीन होती. जॉर्जियाचा सुमारे दोन तृतीयांश भूभाग वनाखाली आहे आणि त्यातला बहुतेक खाजगी मालकीचा, हे मला ठाऊक होते, पण असा मालक प्रथमच भेटला. मी पेलेट्सचा विषय काढताच त्यांनी माझा सगळा आवेश शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, की कागदाच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत आहेत, २०२४ च्या हेलीन वादळाने उभी झाडे आडवी केली. बारीक लाकूड घेणारे कुणी उरले नाही तर ही जमीन मी विकीन, आणि मग तिथे झाड मुळीच राहणार नाही. पुढे त्यांनी विचारले, तुम्ही कुठले? मी अल्फारेटा म्हणालो. ते हसले. अल्फारेटा, मिल्टन, जॉन्स क्रीक हा आमचा सगळा परिसर तीस-चाळीस वर्षांपूर्वी शेते आणि झाडी होता, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. माझे घर ज्या गल्लीत आहे तिचे नावच एका झाडावरून आहे. ते झाड गल्लीत शोधून सापडत नाही.

त्या गृहस्थांचे म्हणणे मला खोडता आले नाही आणि आजही खोडायचे नाही. पाइनला गिऱ्हाईक असले तर मालक पुन्हा रोप लावतो, हे खरे आहे. पण यातून लाकूड वापरावे एवढेच सिद्ध होते; त्याचा धूर शून्य आहे हे सिद्ध होत नाही. घराच्या तुळईत गेलेले लाकूड कर्ब पन्नास-शंभर वर्षे धरून ठेवते. भट्टीत गेलेले तोच कर्ब दुपारपर्यंत हवेत सोडते. करवतीखालचा भुसा, जो कुजून तसाही गेला असता, तो जाळणे वेगळे. आणि वाढू शकणारे झाड तोडून जाळणे वेगळे. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीच्या साखर कारखान्यांत उसाचा रस काढल्यावर उरलेल्या बगॅसवर वीज करतात. ऊस काही बगॅससाठी लावलेला नसतो, आणि तो वर्ष-दीड वर्षात पुन्हा उभा राहतो. भारत सरकारनेही ऑक्टोबर २०२१ मध्ये औष्णिक केंद्रांत कोळशाबरोबर ५ टक्के जैविक गोळ्या जाळण्याचे धोरण आणले, तेव्हा भर दिला तो शेतातल्या काडीकचऱ्यावर. उरलेसुरले आणि मुद्दाम तोडलेले यांतला फरक कोणत्याही शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. युरोपच्या वहीत मात्र दोहोंपुढे एकच आकडा आहे.

दुसऱ्या दरवाजावरचा जकात नाका

इतके म्हणून मी गप्प बसलो असतो. पण याच युरोपने दुसऱ्या एका दरवाजावर जे केले आहे ते पाहिल्यावर गप्प राहवत नाही.

रायगड जिल्ह्यात पेणजवळ डोलवीला पोलादाचा मोठा कारखाना आहे. मुंबई-गोवा रस्त्याने कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाने तो पाहिलेला असतो. भारतात एक टन पोलाद करताना सरासरी अडीच टनांच्या आसपास कर्बवायू निघतो. जगाची सरासरी दोन टनांहून थोडी कमी आहे. कारण आपले पोलाद मुख्यतः कोळशावर होते. आता युरोपने नियम केला आहे, की बाहेरून येणारे पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते यांच्या निर्मितीत किती कर्बवायू निघाला ते सांगा आणि आमचे कारखानदार जो भाव मोजतात तो तुमच्या मालावरही मोजा. या भावाने २०२५ मध्ये बहुतेक काळ टनाला साठ ते ऐंशी युरोंच्या दरम्यान फेऱ्या मारल्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती मागवणे सुरू झाले आणि १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा लागला. २०३४ पर्यंत तो पायरीपायरीने पूर्ण व्हायचा आहे. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला सीबीएएम म्हणतात. आपण त्याला सरळ जकात नाका म्हणू.

या नाक्याला तत्त्व नाही असे मी म्हणत नाही. युरोपातल्या कारखान्याने धुराचे पैसे भरायचे आणि बाहेरच्याने फुकट धूर सोडून स्वस्त माल आणायचा, तर कारखाने बाहेर जातील आणि धूर तेवढाच राहील. मुद्दा पटतो. भारतानेही २०२३ मध्ये स्वतःची कर्ब-परवान्यांची योजना अधिसूचित केली, तिला या नाक्याचा धाक थोडाफार कारणीभूत असावा, असे मला वाटते. धाकाने का होईना, चांगले काही झाले तर वाईट काय?

पण आता दोन दरवाजे शेजारी ठेवून पाहा. एका दरवाजातून डोलवीसारख्या ठिकाणचे पोलाद येते. युरोप विचारतो: हे करताना तुमच्या गावात, आमच्या हद्दीबाहेर, किती धूर निघाला? पैसे भरा. दुसऱ्या दरवाजातून वेक्रॉसच्या गोळ्या येतात. त्यांचा धूर तर युरोपच्या स्वतःच्या चिमणीतून, स्वतःच्या आकाशात निघणार आहे. तिथे युरोप म्हणतो: हा हिशेब ज्यांनी झाड तोडले त्यांचा, आमचे शून्य. पोलादाच्या वेळी हद्दीबाहेरचा धूर आपला मानायचा आणि लाकडाच्या वेळी हद्दीतला धूर परका मानायचा! दोन्ही नियमांमागे कारणे आहेत, दोन्ही कारणे वेगवेगळी वाचली तर पटतातही. पण दोन्ही वेळा निकाल एकाच्याच पदरात पडतो, तेव्हा गिऱ्हाइकाने तागडी तपासावी. शिवाय नाक्यावर जमणारा पैसा युरोपातच राहतो. ज्या देशाने भरला त्याच्या भट्ट्या सुधारण्यासाठी तो परत जाईल अशी बांधील तरतूद नाही.

माझी मागणी फार नाही. दोन्ही दरवाजांवर एकच प्रश्न विचारा. लाकडाच्या प्रत्येक खेपेला विचारा, की हे उरलेसुरले आहे की उभे झाड, आणि त्याचे कर्ज किती वर्षांत फिटेल; आणि त्याप्रमाणे आकार लावा. तो कोळशापेक्षा कमी असू शकेल, पण शून्य नसेल. एवढे केले की डोलवीच्या माणसाला पैसे भरताना निदान तराजू सरळ आहे असे वाटेल.

पुतण्याचे उत्तर

हे सगळे मी फोनवर पुतण्याला ऐकवले. त्याने मधे एकदाही तोडले नाही. शेवटी म्हणाला, "काका, लाकडाच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. आमच्या वहीत चूक आहे. पण आमच्याकडे वही तरी आहे. वही आहे म्हणून तुम्हाला चूक सापडली. तुमच्या जॉर्जियाची वही दाखवा, मी त्यातली चूक काढतो."

मी दुसऱ्या दिवशी सांगतो म्हणालो आणि शोधायला बसलो. तर काय आढळले? जॉर्जिया राज्यात नवीकरणीय विजेचे सक्तीचे उद्दिष्ट नाही. कर्बवायूला भाव नाही. अल्फारेटापासून तासाभराच्या अंतरावर, कार्टर्सव्हिलजवळ, बोवेन हे कोळशाचे वीज केंद्र आहे, ३,००० मेगावॉटहून मोठे. त्याच बार्टो काउंटीत ते सौर तावदानांचेही उत्पादन. बोवेनसारखी केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद करण्याची भाषा मध्यंतरी होती. मग विजेची मागणी वाढली, मुख्यतः डेटा सेंटर्समुळे, आणि २०२५ च्या आराखड्यात कोळशाचे आयुष्य वाढवून मिळाले. डेटा सेंटर्स कुणासाठी? आमच्या मंडळाच्या सभासदांपैकी निम्म्यांची पोटे ज्या धंद्यावर आहेत त्याच्यासाठी. माझ्या मुलीचेही.

जमेच्या बाजूला व्होगल आहे. ऑगस्टाजवळचे तिथले तिसरे आणि चौथे अणुवीज युनिट २०२३ व २०२४ मध्ये सुरू झाले. धूर नाही, रात्रंदिवस वीज. पण सुमारे १४ अब्ज डॉलरचा अंदाज ३० अब्जांच्या वर गेला आणि काम सात वर्षे लांबले. तो खर्च आमच्या बिलात आला. जर्मन ग्राहकाने जादा बिल भरले त्याची संसदेत, वर्तमानपत्रांत वीस वर्षे चर्चा झाली. आम्ही जादा बिल भरले आणि फार तर पॉटलकमध्ये कुरकुर केली.

जॉर्जियात विजेचे दर आणि आराखडे पाच जणांचे पब्लिक सर्व्हिस कमिशन ठरवते, आणि ते पाच जण आपण मतांनी निवडतो. मी नागरिक होऊन अठरा वर्षे झाली. विजेच्या धंद्यात उभे आयुष्य गेलेला मी, मतपत्रिकेवर त्या जागेशी आल्यावर दर वेळी ती ओळ रिकामी सोडत होतो, कारण नावे ओळखीची नसत. खटल्यामुळे काही वर्षे त्या निवडणुकाच झाल्या नाहीत, तेही माझ्या लक्षात आले नव्हते. नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन जागांसाठी मतदान झाले, वाढलेल्या बिलांचा मुद्दा गाजला आणि दोन्ही जागांवरचे विद्यमान सदस्य पडले. त्या दिवशी मी प्रथमच ती ओळ भरली. कुणाला मत दिले ते इथे सांगत नाही. मंडळाच्या अंकात राजकारण नको. पण दोन्ही बाजूंचे म्हणणे वाचून दिले, एवढे सांगतो.

दुसऱ्या दिवशी पुतण्याला फोन केला आणि म्हणालो, "आमच्याकडे वही नाही. तू जिंकलास." तो म्हणाला, "जिंकायचा प्रश्न नाही, काका. तुमचं लाकडाचं पत्र इंग्रजीत लिहून द्या, मी आमच्या इथल्या खासदाराला पाठवतो." मी लिहून दिले. उत्तर अजून आलेले नाही. माझी टीका मी मागे घेतलेली नाही. फक्त तिच्या शेवटी माझेही नाव घातले आहे.

कमिशनच्या सुनावण्या डाउनटाउन अटलांटात होतात आणि त्या सर्वांना खुल्या असतात. पुढच्या वेळी जायचे ठरवले आहे. कुणाला बरोबर यायचे असेल तर मंडळाच्या कार्यक्रमात मला गाठावे. माझ्या दोन गाड्यांपैकी एकीत चौघे आरामात मावतात, आणि दुसरी त्या दिवशी घरीच राहील.